हॉस्पिटलचं काम नेमकं अडतं कुठे? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गच्चीच्या गळतीवर लिहिलं होतं, म्हटलं आता गळतीचीच पत्रं येणार, तर आली ती हॉस्पिटलच्या बांधकामाबद्दल! बहुतेक मी ओघात 'माझी निम्मी नोकरी हॉस्पिटलच्या साइटवर गेली' असं लिहून बसले त्याचा परिणाम. असो. पाच पत्रं घेतलीयत, काहींना लांब उत्तर दिलंय काहींना थोडक्यात, रागावू नका.

मॅडम, तालुक्याच्या ठिकाणी ३० खाटांचं हॉस्पिटल बांधतोय. मी आणि मिसेस दोघंही डॉक्टर. तिन्ही स्लॅब पाच महिन्यांत पडले, तेव्हा सगळे म्हणाले दिवाळीत उद्घाटन. त्याला आता वर्ष होत आलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो एसीवाल्यामुळे थांबलोय, एसीवाला म्हणतो ऑक्सिजनवाल्यामुळे, ऑक्सिजनवाला फोनच उचलत नाही. करारात उशिराला आठवड्याला अर्धा टक्का दंड लिहिलाय, तो बिलातून कापू का?
– एक डॉक्टर, बार्शी

डॉक्टर, कापायच्या आधी एका संध्याकाळी शांत बसा आणि एका कागदावर फक्त तारखा लिहा. ओटी (ऑपरेशन थिएटर) कुठल्या मजल्यावर हे नक्की कधी ठरलं, एक्स-रे मशीन कुठलं हे कधी ठरलं, एसीचा ड्रॉइंग साइटवर कधी पोचला, ऑक्सिजनवाल्याला ऑर्डर कधी दिली. स्लॅब पडल्यानंतरच्या तारखा जास्त निघाल्या (निघणार, मला माहितीये) तर दंडाचं विसरा. काम तुमच्याकडून अडलं असेल तर उशिराचा दंड टिकत नाही, आणि तसंही आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात आकडा लिहिलाय म्हणून तेवढा सगळा आपोआप मिळत नाही, वाजवी भरपाई मिळते आणि तो आकडा ही तिची वरची मर्यादा. कॉन्ट्रॅक्टर वकिलाकडे गेला तर पहिली मागणी करेल ती तुमच्या व्हॉट्सॲप मेसेजेसची.

आता स्लॅब भराभर का पडले आणि नंतर घोडं का अडलं ते सांगते. स्लॅब हे एकाच माणसाचं काम. सेंट्रिंग, सळई, काँक्रीट, सगळं त्याच्याच हातात. पुढे मात्र एका सीलिंगमध्ये पाच जण घुसतात, प्लंबर, एसीवाला, फायरवाला, ऑक्सिजनवाला, इलेक्ट्रिशियन, आणि पाचही जणांना बीमच्या खालची तीच जागा पाहिजे असते. तुमच्या मजल्याची उंची बहुतेक ११ फूट धरली असेल, घरासारखी. त्यातून दोन फुटाचा बीम गेला, राहिले नऊ. एसीची डक्ट (हवा नेणारी पत्र्याची नळी), तिचं इन्सुलेशन, टांगायचे रॉड मिळून दीड फूट, राहिले साडेसात. त्याखाली सीलिंगची फ्रेम आणि लाइट. म्हणजे ओटीत डोक्यावर सव्वासात फूट आणि त्यात तुम्हाला ओटीचा दिवा टांगायचाय, ज्याच्याखाली सहा फुटी सर्जन उभा राहणार. एसीवाला थांबलाय तो आळशी म्हणून नाही हो, त्याला डक्ट न्यायला रस्ताच नाहीये आणि हे तुम्हाला तोंडावर सांगायची त्याची हिंमत होत नाहीये.

काय करायचं? पाचही जणांना एकाच दिवशी साइटवर बोलवा, ऑफिसात नाही, त्या ओटीच्या खोलीत, आणि खडूने भिंतीवर उंच्या मारायला लावा. आधी ड्रेनेजचा पाइप, कारण त्याला उतार लागतो आणि पाणी काही कोणाच्या सांगण्याने वर चढत नाही. मग डक्ट, मग फायरचा पाइप, मग ऑक्सिजन, शेवटी केबल ट्रे, ती कुठूनही वळते. जिथे बसत नाही तिथे डक्ट रुंद आणि चपटी करता येते का बघा, नाहीतर एएचयूची, म्हणजे डक्टमध्ये हवा ढकलणाऱ्या एसीच्या मशीनची, जागा बदला. बीमला कोअर मारायचा, म्हणजे आरपार भोक पाडायचा, सल्ला मुकादमाने दिला तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय हात लावू देऊ नका. आणि ओटीच्या डोक्यावर वरच्या मजल्याचं टॉयलेट आलंय का तेही आत्ताच बघून घ्या, आलं असेल तर सीलिंगचा विषय बाजूला ठेवून आधी टॉयलेट हलवा.

ऑक्सिजनवाला उगवला की त्याच्याशी गोड बोला पण एक काम करून घ्या. तांब्याच्या पाइपचा एक सांधा, तुम्ही निवडलेला, त्याने निवडलेला नाही, कापून उभा चिरायला सांगा. आतून तांबं लख्ख दिसलं तर जोडताना आतून नायट्रोजन सोडला होता. काळी पापडी दिसली तर नव्हता सोडला आणि तीच पापडी उद्या सुटून व्हेंटिलेटरच्या तोंडाशी येणार. दुसरं, शेवटी सगळ्या लाइन टेस्ट करताना एका वेळी एकच गॅस चालू ठेवून प्रत्येक खाटेच्या प्रत्येक आउटलेटवर बघायचं की बाकीचे बंद आहेत ना. कंटाळवाणं काम आहे, ३० खाटांना अख्खा दिवस जातो, पण ऑक्सिजनच्या तोंडातून भलतंच काही येत नाही ना हे कळायचा याशिवाय दुसरा मार्ग नाही.

फायरची फाइल शेवटी करू म्हणून ठेवली असेल तर ती आजच उघडा. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली, त्यानंतर तपासणी कडक झाली आणि ती व्हायलाच हवी होती. महाराष्ट्रात आगीची यंत्रणा बसवली की ती बसवल्याचा लायसन्सवाल्या एजन्सीचा दाखला, म्हणजे फॉर्म ए, आणि पुढे दरवर्षी जानेवारी आणि जुलैत ती चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो. पाण्याची टाकी, पंपाची खोली, जिना, कॉरिडॉरची रुंदी हे सगळं त्याच फाइलीत येतं आणि ते प्लास्टर झाल्यावर बदलता येत नाही.

मी एम.टेक. कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट करते. विषय मिळालाय 'हॉस्पिटल प्रकल्पाच्या बांधकाम व्यवस्थापनाचं विश्लेषण'. गाइड म्हणतात प्रायमाव्हेरात (वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर) शेड्यूल बनव आणि ५० इंजिनिअर्सकडून प्रश्नावली भरून घे. पण यात नवीन काय असं मलाच वाटतंय. काय करू?
– एक विद्यार्थिनी, सांगली

बरोबर वाटतंय तुला. प्रश्नावली भरून घेशील, आरआयआय, म्हणजे कुठलं कारण किती महत्त्वाचं याचा आकडा, काढशील, पहिल्या नंबरवर 'बिलं उशिरा मिळणं' येईल आणि दुसऱ्यावर 'ड्रॉइंग उशिरा मिळणं'. गेली पंधरा वर्षं हेच येतंय, तुझ्या आधीच्या बॅचचा रिपोर्ट उघडून बघ. गाइडना दुखवू नकोस, त्यांच्यासाठी शेड्यूल कर, पण स्वतःसाठी एक वेगळं कर.

आधी एडिनबरोची गोष्ट ऐक. स्कॉटलंडमध्ये लिटल फ्रान्स नावाच्या भागात मुलांसाठी नवं सरकारी हॉस्पिटल बांधलं, साधारण १५ कोटी पौंडांचं. ते २०१७ साली उघडायचं होतं. भांडणं, तडजोडी होत होत फेब्रुवारी २०१९ मध्ये आरोग्य मंडळाने इमारतीचा ताबा घेतला आणि ९ जुलैला जुन्या हॉस्पिटलमधून मुलं हलवायची ठरली. आणि पाच दिवस आधी, ४ जुलैला, आरोग्यमंत्री जीन फ्रीमन यांनी सगळं थांबवलं. का? तर ताब्यानंतर हवेची स्वतंत्र तपासणी झाली त्यात दिसलं की अतिदक्षता विभागात तासाला दहा वेळा हवा बदलायला पाहिजे ती चारच वेळा बदलतेय.

पंखा बिघडला होता का? नाही. एसीवाल्याने चोरी केली का? तीही नाही. जे कागदावर होतं तेच त्याने इमानदारीत बसवलं होतं. मग कागद तपासले, तर धागा जाऊन पोचला २०१२ च्या एका स्प्रेडशीटवर! प्रत्येक खोलीला किती तापमान, किती हवा, किती दाब असा तो तक्ता, त्याला ते लोक एन्व्हायर्नमेंटल मॅट्रिक्स म्हणतात. त्यात अतिदक्षतेच्या काही खोल्यांपुढे साध्या वॉर्डाचा आकडा पडला होता, लेखापरीक्षकांच्या मते बहुधा कॉपी करताना झालेली माणसाची चूक. तो चारचा आकडा पुढे सात वर्षं टेंडरमधून, करारातून, डिझाइनमधून, सीलिंगमधून सुखरूप प्रवास करत राहिला. किती सल्लागार, किती मीटिंगा, किती सह्या झाल्या असतील विचार कर. प्रत्येकाने तो तक्ता पाहिला असणारच, पण 'इथे नेमका कोण पेशंट झोपणार' हे त्या ओळीशी ताडून कोणी वाचलं नाही.

पुढे मोकळ्या इमारतीसाठी महिन्याला साधारण १४ लाख पौंड जात राहिले, दुरुस्तीला दीड कोटीच्या वर लागले आणि पूर्ण हॉस्पिटल सुरू झालं ते मार्च २०२१ मध्ये. यावर लॉर्ड ब्रॉडी यांच्या अध्यक्षतेखाली रीतसर सार्वजनिक चौकशी बसली. त्या चौकशीतल्या साक्षी आणि कागदपत्रं इंटरनेटवर खुली आहेत, आपल्याकडे असं कोणी दाखवत नाही, त्यामुळे तुला तर खजिनाच आहे तो.

आता तुझं काम. अख्खं हॉस्पिटल घेऊच नकोस. ओळखीने एखादी साइट मिळव आणि त्यातली एकच खोली घे, ओटी किंवा आयसीयूतला एक क्युबिकल. त्या खोलीचा जन्मापासूनचा इतिहास काढ. डॉक्टरांनी पहिल्यांदा काय मागितलं, कुठल्या कागदावर लिहिलं गेलं, रूम डेटा शीट (त्या खोलीत काय काय हवं याचा तक्ता) होती का, त्यावर सही डॉक्टरची होती की अ‍ॅडमिन ऑफिसरची, बीओक्यूमध्ये, म्हणजे टेंडरच्या कामांच्या आणि मापांच्या यादीत, ते कसं उतरलं, साइट इंजिनिअरने काय प्रश्न विचारले, उत्तर किती दिवसांनी आलं, आलं तेव्हा भिंत झाली होती का. आपल्याकडे एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ओटीत तासाला किमान २० वेळा हवा बदलावी लागते, त्यात किमान चार वेळा बाहेरची ताजी, आणि खोलीत दाब बाहेरच्यापेक्षा जास्त. हा २० चा आकडा तुझ्या साइटवर किती कागदांवर आहे, सगळीकडे २० च आहे का, आणि सुरू करताना कोणी मोजला, एवढं जरी नीट लिहिलंस तरी पन्नास प्रश्नावल्यांपेक्षा भारी होईल.

हवा कशी मोजतात तेही एकदा प्रत्यक्ष बघ. ग्रिलला कापडी टोपीसारखा हूड लावतात, आकडा येतो, सगळ्या ग्रिलची तासाची बेरीज करून खोलीच्या घनफळाने भागायचं. पाचवीचं गणित आहे. तरी ते करायला कोणाला वेळ नसतो, कारण त्या आठवड्यात उद्घाटनाच्या फितीची आणि शालींची गडबड असते.

माझा एक अनुभव लिहून ठेव, कामाला येईल. एका आयसीयूत आम्ही २४ खाटा करायच्या आधी एकच खाट पूर्ण करून बघितली, डोक्याशी पॅनेल, त्यावर ऑक्सिजन, सक्शन, प्लग, सगळं. आर्किटेक्ट खूश, मी खूश, ट्रस्टी फोटो काढून गेले. मग वॉर्डातल्या एका सीनियर सिस्टरना बोलावलं. त्या आल्या, चप्पल काढून सरळ त्या खाटेवर आडव्या झाल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "सक्शनची बाटली कुठे टांगू?" आम्ही एकमेकांकडे बघतोय! बाटली टांगायचा हूक बरोबर स्विचबोर्डावर येत होता. मग म्हणाल्या, "आणि हा लाइट रात्रभर पेशंटच्या डोळ्यात जाणार." चार मिनिटांत दोन चुका, आणि आम्ही सहा महिने त्या ड्रॉइंगवर घासत होतो. पॅनेलवाल्याकडची बाकी २३ ची ऑर्डर त्याच दुपारी थांबवली. तुझ्या विश्लेषणात असा एक प्रश्न टाक, की वापरणारा माणूस पहिल्यांदा साइटवर कधी आला. तारीख पाहिजे, 'वेळोवेळी चर्चा झाली' असलं उत्तर घेऊ नकोस.

चीनने दहा दिवसांत हजार खाटांचं हॉस्पिटल बांधलं. आमच्या इथे उपजिल्हा रुग्णालयाची पाटी लागून सहा वर्षं झाली, अजून कुंपणच चाललंय. आपल्याकडे इच्छाशक्ती नाही हेच खरं ना?
– एक वाचक, चिखली

इच्छाशक्ती कमी आहे हे मान्य, पण तुलना चुकतेय. वुहानचं हुओशेनशान हे कोविडचं हॉस्पिटल २३ जानेवारी २०२० ला ठरलं आणि २ फेब्रुवारीला सैन्याच्या ताब्यात दिलं, सात हजारांच्या आसपास कामगार रात्रंदिवस पाळ्यांमध्ये. पण बघा, त्यांनी डिझाइन कोऱ्या कागदावर सुरू केलंच नाही. २००३ च्या सार्सच्या वेळी बीजिंगमध्ये शियाओतांगशान नावाचं असंच हॉस्पिटल आठवड्याभरात उभं केलं होतं, त्याचा आराखडा काढला. खोल्या म्हणजे कारखान्यातून आलेले कंटेनरसारखे डबे. जमीन सरकारची, पैसा तयार, पेशंट एकाच आजाराचे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'इथे डायलिसिस पण घालू या का' असं मध्येच म्हणणारा कोणी नाही. आणि काम झाल्यावर एप्रिलमध्ये बंदही केलं.

असलं आपल्यालाही जमतं की! मे २०२० मध्ये मुंबईत बीकेसीच्या मैदानावर एमएमआरडीएने हजारेक खाटांचं जम्बो कोविड सेंटर दोन-तीन आठवड्यांत उभं केलं. मग ३ जूनला निसर्ग वादळ येणार म्हटल्यावर तिथले पेशंट हलवावे लागले, कारण मांडव शेवटी मांडवच. तात्पुरत्या बांधकामाचा वेग हवा असेल तर त्याचं आयुष्यही तात्पुरतंच मिळतं.

तुमच्या उपजिल्हा रुग्णालयाचं दुखणं निराळं असणार. प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग टेंडर, आणि तोपर्यंत दरसूची बदललेली, म्हणून सुधारित मान्यता, की परत पहिल्या पायरीवर. माहितीच्या अधिकारात एकच अर्ज टाका, या सगळ्यांच्या तारखा आणि कामाचा आदेश कधी दिला ती तारीख मागा. सहा वर्षांपैकी साइटवर खरं काम किती महिने झालं ते लगेच दिसेल. मला वाटतं कॉन्ट्रॅक्टरला शिव्या घालायची तुमची इच्छा जरा कमी होईल, जाईल असं नाही म्हणत.

आर्किटेक्ट आहेच, मग पीएमसीला (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटला) वेगळे अडीच टक्के कशाला द्यायचे?
– एक ट्रस्टी, चिपळूण

आर्किटेक्ट ठरवतो काय बांधायचं, पीएमसीने बघायचं की ते कोण, कधी, कुठल्या क्रमाने बांधतंय आणि आरए बिलात, म्हणजे काम चालू असताना दिलेल्या बिलात, मोजलेलं काम खरंच झालंय का. हॉस्पिटलमध्ये वीस-पंचवीस वेगवेगळे ठेकेदार असतात, त्यांना एका दोरीत ओवणारा कोणीतरी लागतोच, घरचा माणूस असेल तर उत्तम. पण देण्याआधी विचारा की साइटवर रोज कोण असणार. नाव, अनुभव, हॉस्पिटलचं काम केलंय का. नाहीतर सही करायला मोठे साहेब येतात आणि साइटवर नुकताच डिप्लोमा झालेलं एक पोरगं दिवसभर फोटो काढून ग्रुपवर टाकत बसतं. तेवढ्यासाठी अडीच टक्के जास्त आहेत, फोटो तर वॉचमनही काढतो.

मी एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. आमच्या आयसीयूच्या शेजारच्या वॉर्डाचं रिनोव्हेशन चाललंय. दिवसभर ब्रेकर (भिंत फोडायचं मशीन) चालतो, ट्रॉलीवर पांढरी धूळ बसते. सुपरवायझरला सांगितलं तर म्हणतो प्लास्टिक लावलंय ना मॅडम. मी काय करू?
– एक सिस्टर, ठाणे

सिस्टर, ते प्लास्टिक कुठपर्यंत लावलंय ते बघा. नव्वद टक्के ठिकाणी फॉल्स सीलिंगपर्यंतच लावतात आणि धूळ आरामात सीलिंगच्या वरून तुमच्या बाजूला येते. पडदा स्लॅबपासून स्लॅबपर्यंत पाहिजे, टेपने बंद केलेला, आणि कामाच्या बाजूला एक्झॉस्ट लावून हवा बाहेर काढायची, म्हणजे वारा तुमच्याकडून त्यांच्याकडे वाहील, उलटा नाही. अगरबत्ती लावून दाराच्या फटीशी धरा, धूर कुठे जातो ते दिसेल. तुमच्याकडे आला तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. त्या भागातली एसीची रिटर्न ग्रिल (हवा परत ओढणाऱ्या जाळ्या) बंद केलीयेत का तेही बघा, नाहीतर एसीच ती धूळ सगळीकडे वाटत बसतो.

सुपरवायझरशी वाद घालू नका, त्याला तोडायचे पैसे मिळतात, धुळीचे नाही. तुमच्या हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोल कमिटीला लेखी द्या, तारीख, वेळ आणि त्या वेळी आयसीयूत किती पेशंट होते ते घालून. जुन्या भिंती आणि सीलिंग फोडल्यावर ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण उडतात, धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही पण केमोथेरपीच्या किंवा ट्रान्सप्लांटच्या पेशंटला जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांना माहितीये, फक्त ते बांधकामाच्या मीटिंगला नसतात. त्या मीटिंगला तुमच्यातलं कोणीतरी बसवा असं पत्रात स्पष्ट मागा. लाइट, पाणी, ऑक्सिजन यातलं काहीही बंद करायचं असेल तर आधी वॉर्ड इन्चार्जची सही, ही अटही टाका, कारण भिंतीत कुठली लाइन आहे ते ब्रेकरवाल्याला माहीत नसतं.

आणि एक, राडारोड्याची पोती खाली कुठल्या लिफ्टने जातायत ते उद्या सकाळी उभं राहून बघा. पेशंटच्या लिफ्टने जात असतील तर पत्रात तो मुद्दा पहिला लिहा.